मांडवातील पाहुणा : विवाहसमारंभातील आदरातिथ्याचा थोडासा इतिहास

विवाह दोघांचा असतो, पण लग्न साऱ्या गणगोताचे असते, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणत असत. या म्हणण्याचा अर्थ आम्हांस उशिरा उमगला. गतवर्षी मंडळाच्या वार्षिक सभेत लग्नातील खर्चाचा विषय निघाला आणि सभेचे दोन तट पडले. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, आयुष्यात एकदाच येणारा हा प्रसंग काही नावीन्याने व कल्पकतेने साजरा केला, आलेल्या पाहुण्यांच्या मनात राहील असे काही केले, तर त्यात बिघडले काय? वयोवृद्धांचे म्हणणे असे की, आमच्या काळी हे थेर नव्हते. लग्न साधेपणाने होई. दोन्ही पक्षांची भाषणे ऐकत असता आम्हांस वाटले की, आपल्याच लग्नविधीचा इतिहास उभयतांस पुरता ठाऊक नाही. पूर्वीची लग्ने साधी होती हे जसे खरे नव्हे, तसेच कल्पकता ही आजचीच वस्तू आहे हेही खरे नव्हे. म्हणून चिटणिसांनी स्मरणिकेसाठी लेख मागताच आम्ही हाच विषय घेतला.

प्रथम आमंत्रणाचाच विचार करू. छापील पत्रिका येण्यापूर्वी लग्नाचे बोलावणे अक्षतीने होत असे. कुंकवाने रंगविलेले तांदूळ आधी ग्रामदैवतापुढे व कुलदैवतापुढे ठेवावयाचे, आणि मग घरातील जाणत्या माणसांनी घरोघर जाऊन अक्षत द्यावयाची, अशी रीत होती. या रीतीत एक मोठे शहाणपण होते. ज्यास बोलावयाचे त्याच्या उंबऱ्यापर्यंत स्वतः चालत जाणे हाच त्याचा पहिला सत्कार होता. बोलावणे पोहोचले नाही तर रुसवा होई, तो जेवण चुकले म्हणून नव्हे, तर आपल्या दाराशी कोणी आले नाही म्हणून.

वऱ्हाड गावाच्या वेशीशी आले की सीमांतपूजन होई. आज हा विधी कार्यालयाच्या एका खोलीत आदल्या संध्याकाळी उरकला जातो आणि त्यातील ‘सीमांत’ शब्दाचा अर्थ कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु मुळात तो खरोखरच सीमेवरचा विधी होता. बैलगाड्यांतून धुळीने माखून, दोन-दोन दिवसांचा प्रवास करून आलेल्या माणसांस वेशीवर सामोरे जावयाचे, नवरदेवाचे पाय धुवावयाचे, वस्त्रे द्यावयाची, सर्वांस पाणी व गूळ द्यावयाचा, आणि वाजतगाजत जानवसघरी पोहोचवावयाचे. गुलाबपाणी शिंपडणे, अत्तर लावणे, विडा देणे या गोष्टींचेही तसेच आहे. वैशाखाच्या उन्हात थकून आलेल्या माणसाच्या अंगावर थंड सुगंधी शिडकावा करणे ही आधी सोय होती. तिची शोभा झाली ती मागाहून.

रुखवताची कथाही याहून निराळी नाही. रुखवत म्हणजे मूळचा जानवसघरी पाठविलेला फराळ. मुहूर्तापूर्वी वरपक्षाकडील माणसे उपाशी राहू नयेत म्हणून वधूच्या घरून लाडू, करंज्या, अनारसे, चिरोटे यांची ताटे जात. पुढे त्या ताटांवर रंगीत झाकणे आली, पदार्थांस आकार आले, आणि घरातील मुलीबाळींनी आपले कसब त्यात ओतले. हलव्याचे दागिने, मण्यांची तोरणे, सुपारीची व कापडाची भटजी-नवरानवरी, सप्तपदीची सात पावले असे एक छोटेखानी प्रदर्शनच मांडवाच्या कोपऱ्यात मांडले जाऊ लागले. ज्या स्त्रियांस सभेत बोलण्याची मुभा नव्हती, त्यांची कला पाहावयास सारा गाव रुखवतापुढे उभा राही. उखाण्यांविषयीही असेच म्हणता येईल. पतीचे नाव घेण्याच्या संकोचातून स्त्रियांनी एक तात्काळ काव्याचा प्रकारच निर्माण केला. ही कल्पकता नव्हे, तर काय?

पूर्वीची लग्ने साधी होती असे मानणाऱ्यांनी पुण्यात १७८३ साली झालेल्या सवाई माधवराव पेशव्यांच्या लग्नाकडे पाहावे. नवरदेव त्या वेळी नवव्या वर्षात होते, आणि सारी व्यवस्था नाना फडणविसांच्या हाती होती. पाहुण्यांच्या उतरण्याच्या जागेपासून पंगतीतील वाढपापर्यंत कोणते काम कोणी व कसे करावे याच्या लेखी सूचना त्या लग्नासाठी तयार झाल्या होत्या. आज ज्यास आपण नियोजन म्हणतो आणि ज्यासाठी निराळी माणसे नेमतो, ते नानांच्या दप्तरात होते. अर्थात पेशव्यांची दौलत सर्वांपाशी नव्हती. परंतु श्रीमंतांच्या घरी जे घडते त्याची नक्कल सामान्य घरी होते, हा समाजाचा नियम तेव्हाही होता.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टींनी लग्नाचे रूप पालटले. पहिली आगगाडी. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास गाडी धावली आणि १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग निघून मुंबई व पुणे जोडली गेली. वऱ्हाडाचा प्रवास दिवसांवरून तासांवर आला. पाच-पाच दिवस चालणारे सोहळे हळूहळू आखडू लागले, कारण जो लवकर येऊ शकतो त्यास लवकर परतही जाता येते. दुसरी गोष्ट छापखाना. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापले. त्याच मार्गाने पुढे लग्नाची पत्रिकाही छापखान्यात गेली. कुंकुमपत्रिकेचा एक ठरीव साचा तयार झाला. वर गजाननाचे स्मरण, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मग चि. सौ. कां. वधू व चि. वर यांची नावे, मुहूर्त, स्थळ, आणि शेवटी आग्रहाची विनंती. या साच्यातही घरोघरची हौस शिरलीच. तळाशी घरातील बालगोपाळांच्या नावे ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ अशी ओळ येऊ लागली, आणि पुष्कळदा सर्व पत्रिकेत तेवढी एकच ओळ लोकांच्या लक्षात राही.

मंगलाष्टकांनीही हाच मार्ग धरला. संस्कृत मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तातील. ती उपाध्यायांनी म्हणावयाची. परंतु मराठी घरांत आत्या, मामा, शाळामास्तर असलेला एखादा चुलता यांनी त्याच वृत्तात स्वतः मंगलाष्टके रचावी, त्यांत दोन्ही कुळांची व वधूवरांची नावे गुंफावी, ती एका रंगीत कागदावर छापून मांडवात वाटावी, ही प्रथा विसाव्या शतकात चांगलीच रुजली. काव्यदृष्ट्या त्यांतील पुष्कळ रचना बेताच्याच असत. परंतु जिच्यासाठी त्या रचल्या तिला त्या जन्मभर पाठ असत.

येथवर आम्ही गौरवाचे बोललो. आता जे बोलावयाचे ते सुखाचे नाही, परंतु ते टाळले तर हा लेख केवळ भाटगिरी होईल.

आमच्या बालपणी, १९६० नंतरच्या दशकात, आमच्या आत्याचे लग्न झाले. हुंडा घेणार नाही असे वरपक्षाने आधीच सांगितले होते, आणि १९६१ सालच्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे-घेणे गुन्हाही ठरविले होते. परंतु हुंड्याचा शब्द गेला तरी मानपानाचा शब्द राहिला होता. विहिणीची पंगत बसली. ताटाभोवती महिरप होती, चांदीची भांडी शेजाऱ्यांकडून मागून आणली होती. जिलेबी वाढावयास काही क्षण उशीर झाला, एवढ्यावरून एक बुजुर्ग पाहुण्या पान सोडून उठल्या, आणि त्यांच्यामागे सारी ओळ उठली. आमचे आजोबा टोपी काढून, हात जोडून, पंगतीच्या तोंडाशी उभे राहिले. आम्ही त्या वेळी पाण्याचा तांब्या घेऊन वाढप्यांबरोबर फिरत होतो. आजोबांस अशा स्थितीत आम्ही त्यापूर्वी पाहिले नव्हते आणि पुढेही कधी पाहिले नाही. पुढील दोन दिवस मानपानाची जी नवी यादी आली ती सावकाराकडून आणलेल्या पैशांतून पुरी झाली. आत्याचा थोरला मुलगा शाळेत जाऊ लागला तरी ते कर्ज फिटले नव्हते.

ज्या पंगतीत मानाच्या पाटांवर ही रुसवाफुगवी चाले, त्याच मांडवाबाहेर सनई-चौघडा वाजविणारे, पाणक्ये, उष्टी काढणारे हे सर्वांच्या मागून, उरलेल्या अन्नावर बसत. कोणाची पंगत आधी, कोणाची नंतर, कोणाची आत, कोणाची बाहेर, हे जातीने व पैशाने ठरे. ज्या ज्ञातीच्या स्मरणिकेत आम्ही हे लिहीत आहोत, तिच्याही मांडवांत हे घडत होते. आपल्या आदरातिथ्याचा इतिहास सांगावयाचा तर कोणास आपण पाहुणा मानलेच नाही, याचाही हिशेब त्यात आला पाहिजे.

लग्नास कोण येते हा प्रश्न किती गंभीर असू शकतो, हे सुधारकांच्या चरित्रांवरून दिसते. १८६९ च्या जूनमध्ये मुंबईत विधवाविवाह झाला, तेव्हा त्याच्या निमंत्रणावर विष्णुशास्त्री पंडित, माधवराव रानडे प्रभृतींनी सह्या केल्या, आणि त्याबद्दल त्यांस बहिष्कार सोसावा लागला. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. अशा लग्नांस जो हजर राहिला त्याने अक्षता टाकल्या एवढेच नव्हे, आपली प्रतिष्ठा पणास लावली. तेथे तोरण किती सुंदर होते हे कोणी विचारले नाही. आलेला माणूस हीच त्या मांडवाची शोभा होती.

महात्मा जोतीराव फुले यांचा मार्ग याहूनही मूलगामी. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. १८८७ साली फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील मराठी मंगलाष्टकांत वधू आणि वर परस्परांस उद्देशून बोलतात. लग्नातील नवकल्पनांची यादी कोणी करील, तर तिच्या अग्रभागी आम्ही हीच ठेवू. कारण तीत खर्च नव्हता आणि जिचे लग्न, तिला प्रथमच बोलावयास मिळाले होते.

खर्चासंबंधी एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. सुपे येथे त्याचा आरंभ झाला. कुणबी लग्नकार्यात पैसे उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे त्या काळी साहेबलोक व शहरी शहाणे सर्रास म्हणत. परंतु चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने निर्णय दिला तो निराळाच. लग्नाच्या खर्चास कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात, आणि वर्षानुवर्षांचा हिशेब केला तर त्या माणसाने संसारसुखासाठी एवढे खर्चावे यात फारसे वावगे नाही, असा त्याचा आशय होता. वर्षभर ढेकळे फोडणाऱ्या माणसास एक दिवस वाजंत्री लावण्याचा हक्क आहे, हे एका सरकारी अहवालाने मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा हौस हे पाप नव्हे. परंतु कर्ज काढून केलेली हौस ही दुसऱ्याच्या हातची दोरी होय. गाडगेबाबा खेडोपाडी कीर्तनांतून कर्ज काढून लग्न करू नका असे कळवळून सांगत, त्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या आजोबांसारखे शेकडो बाप होते.

काळाने आपल्यावर मर्यादाही वेळोवेळी घातल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत धान्याचे रेशनिंग आले. स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईच्या काळातही समारंभात किती पाहुण्यांस जेवू घालावे यावर सरकारी निर्बंध आले. आम्हांस आठवते, त्या दिवसांत पुष्कळ घरी जेवणावळीऐवजी सायंकाळी पानसुपारीचा स्वागतसमारंभ होई; सरबताचा पेला आणि एक पेढा हातावर पडे. लोक आनंदाने येत, वधूवरांस पाहत, दोन शब्द बोलत आणि घरी जात. कोणाचे लग्न त्यामुळे मोडले नाही. पुढे २०२० साली कोरोनाची साथ आली आणि पाहुण्यांची मर्यादा पन्नासावर आली. एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसांत आणि दोन तासांत लग्न उरकण्याचा नियम झाला. त्या पंचवीस जणांची यादी करताना घराघरांत जो विचार झाला, तो पूर्वी हजारांची यादी करताना कधी झाला नव्हता. आपले खरे माणूस कोणते, हे त्या यादीने शिकविले. न्यायालयानेही हीच जाणीव करून दिली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथे सातव्या पावलास विवाह पूर्ण होतो. आणि विवाह म्हणजे नाचगाणे व खाणेपिणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट शब्दांत सांगितले.

आता आजच्या हौसेकडे वळू. पत्रिका मोबाइलवर येते, प्रवेशद्वारी वधूवरांच्या नावांचा फलक असतो, मेंदी व संगीताचे कार्यक्रम होतात, आकाशातून ड्रोन छायाचित्रे घेतो. या गोष्टी नव्या आहेत म्हणून वाईट असे आम्ही म्हणणार नाही. छापील पत्रिका निघाली तेव्हा तिलाही कोणी थेर म्हटलेच असेल. इतिहास वाचून आम्हांस दोन प्रश्न मात्र सुचले आहेत, आणि प्रत्येक नव्या टुमीस ते विचारावे अशी आमची सूचना आहे. पहिला प्रश्न, याने पाहुण्याची काही सोय किंवा सन्मान होतो, की केवळ यजमानाची ऐट मिरवते? दुसरा प्रश्न, याचा खर्च कोण सोसतो, आणि तो राजीखुशीने सोसतो काय? अक्षत, गुलाबपाणी, रुखवताचा फराळ या तिन्ही गोष्टी आरंभी या कसोटीस उतरत होत्या. पाहुण्याचा सन्मान हा एका पक्षाचा हक्क आणि दुसऱ्या पक्षाचा दंड झाला, तेव्हाच त्या बिघडल्या.

या कसोटीने पाहता कल्पकतेस वाव अपुरा नाही. दूरच्या व वृद्ध नातलगांस निदान दोन ओळी हाताने लिहून पाठवाव्या. अक्षतीचा जुना धर्म त्यात पाळला जाईल. अक्षतांच्या तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या द्याव्या, म्हणजे पायदळी अन्न जाणार नाही. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली. तेव्हा द्रोण-पत्रावळी पुन्हा मानाने मांडाव्या, त्यांची शोभा काही कमी नाही. घरातील मुलामुलींनी मिळून रुखवत करावे, आणि ते करताना वराच्या घरच्या बहिणींनीही आपले एक ताट त्यात ठेवावे. मंगलाष्टक विकत न आणता घरच्या कोणी रचावे, वृत्त चुकले तरी चालेल. वाढपी, वाजंत्री, मोटारचालक यांची पंगत शेवटची न ठेवता सर्वांबरोबर बसवावी. आणि मुख्य म्हणजे, कार्याचा खर्च उभय पक्षांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, हे बोलणीच्या बैठकीतच ठरावे. मंडळाने या शेवटच्या गोष्टीचा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आमची आत्या आज ऐंशीच्या पुढे आहे. मागील दिवाळीत आम्ही तिला सहज विचारले, ‘आत्या, तुझ्या लग्नातले तुला काय आठवते?’ पान सोडून उठलेल्या पंगतीविषयी ती काही बोलली नाही. चांदीची ताटे मागून आणली होती, हेही तिला आठवत नव्हते. तिने डोळे मिटले आणि तिच्या मामांनी रचलेले मंगलाष्टक चारही चरण म्हणून दाखविले. एका ठिकाणी मात्रा चुकत होती. ती तशीच म्हटली. मग म्हणाली, ‘अरे, त्यात माझं नाव होतं ना.’

आजोबांनी कर्ज काढून जे आणले ते तिच्या स्मरणात राहिले नाही; एका गरीब मामाने फुकट दिलेले चार चरण राहिले. येत्या वर्षी ज्यांच्या घरी मांडव पडणार आहेत, त्या सर्व ज्ञातिबांधवांनी यादी करावयास बसण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे. त्यांच्या वधूवरांस आमचे शुभाशीर्वाद. इत्यलम्.